न वाजलेली शिट्टी

१

शिट्टी वाजली तेव्हा झीनत मॅडमच्या हातात खडू तसाच होता. तास संपल्याची घंटा होऊन दोन घोट पाणी प्यावं एवढाच वेळ झाला असेल. निम्मी पोरं दारात होती, निम्मी बाकावर दप्तर आवरत होती. अर्धा तास उलटल्यापासून मागच्या खिडकीबाहेर पाण्याची धार पडत होती. त्या आवाजात शिकवायला नको म्हणून मॅडमनी मध्येच खिडकी लावून घेतली होती, तरी शिट्टी काचेतून आत घुसली. एक लांब, दोन आखूड.

"सोबतची हाय," कुणीतरी म्हणालं, आणि अख्खा वर्ग पळत सुटला.

सोलापुरात सात रस्ता चौकापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या कॉलेजात पूर्वी स्नेहसंमेलन आलं की डोकी फुटायची. गावाकडच्या पोरी पहिल्या सत्रातच ट्रंक घेऊन परत जायच्या. मानसशास्त्र शिकवणाऱ्या झीनतनं मग 'सोबत' सुरू केलं. निवडलेल्या मुलामुलींना शिकवायचं आणि त्यांच्या गळ्यात पिवळी शिट्टी घालायची. कुणी कुणावर हात उचलताना दिसला की शिट्टी वाजवायची. ऐकणाऱ्यानं पळत यायचं, मारायचं नाही, फक्त भोवती उभं राहायचं. एवढंच. पण भोवती पन्नास जण उभे राहिले की उचललेला हात आपोआप खाली येतो. ट्रंका परत जायच्या थांबल्या आणि निकाल वर सरकला. "भीती उठली की तिच्या जागेवर अभ्यास बसतो," असं झीनत सगळ्यांना सांगायची.

शिट्टी मागच्या जिन्याकडून आली होती. तास चालू असताना तिकडं कुणी फिरकत नाही. मुलींच्या वसतिगृहाकडं जायची ती जवळची वाट.

झीनत पोचली आणि जागीच थिजली. जिना ओलाचिंब झाला होता, पायरीपायरीवरून पाणी ओघळत होतं. तळाशी नव्या पोरांना छळणारा प्रभु उताणा पडला होता. पाठीवरची रेक्झिनची सॅक तशीच, कानामागं रक्त. शेजारी गुडघे टेकून बसली होती दानेश्वरी. मंद्रूपची पोर, सोबतची प्रमुख, शेवटच्या वर्षाला. शिट्टी अजून तिच्या ओठांत होती.

"श्वास चालू हाय मॅडम," ती कशीबशी म्हणाली.

सगळ्यांनी मिळून प्रभुला उचललं. झीनतनं त्याची सॅक काढून घेतली, हाताला लागलेली धूळ ओढणीला पुसली आणि रिक्षाला हाका मारत पुढं धावली. प्रभुला घेऊन रिक्षा गेली. तेवढ्यात मागून आवाज आला.

"सकाळीच म्हणाली होती की. जिन्यावरनं ढकलून दीन म्हणून."

सगळ्यांच्या नजरा दानेश्वरीकडं वळल्या.

२

म्हणाली होती, हे खरंच होतं. सकाळी कँटीनसमोर प्रभुनं पहिल्या वर्षाच्या गुरुशांतची कॉलर धरून त्याला उठाबशा काढायला लावल्या होत्या. दानेश्वरी मध्ये पडली आणि साऱ्या कॉलेजादेखत बोलली, "परत हात लावलास तर जिन्यावरनं ढकलून दीन, मग बस उठाबशा मोजत."

"मी रागानं बोलले मॅडम," प्राचार्यांच्या खोलीत ती मान खाली घालून सांगत होती. "घंटा झाली, मी हॉस्टेलला निघाले, तर हा पडलेला. शिट्टी वाजवली. आणि काय करणार?"

प्राचार्य बिराजदार भले गृहस्थ, पण भित्रे. दवाखान्यातून आलेला निरोप त्यांनी वाचून दाखवला. प्रभुच्या जिवाला धोका नाही, पण दुपारचं काही त्याला आठवत नाही, कदाचित कधी आठवणारही नाही. आणि त्याच्या दंडावर बोटांचे वळ आहेत. कुणीतरी घट्ट धरलं होतं.

"म्हणजे अपघात नव्हे," प्राचार्य म्हणाले. "झीनत मॅडम, उद्या सकाळी शिस्त समिती बसेल. तोवर दुसरं नाव पुढं आलं नाही तर या मुलीला परीक्षेला बसता येणार नाही. आणि तुमचं ते सोबत बंद. शिट्टीवालीच ढकलते म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"सर, पाय घसरला नसेल कशावरून? जिना ओला होता."

"त्यो मी धुतला होता सकाळी," दारात उभा असलेला शिपाई धनाजी घाईघाईनं म्हणाला. "फडकं पण मारलं होतं. घसरण्यासारखं न्हवतं काय." आणि कुणी काही विचारायच्या आत निघून गेला.

दानेश्वरीला घरून फोन आला. तिनं ऐकला आणि रडूच कोसळलं.

"अप्पांना कळलं. उद्या जीप घेऊन येतायत. म्हणाले, ट्रंक भरून ठेव."

घराण्यात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिलीच पोर. गेली तर परत येणार नव्हती, हे झीनतला चांगलं ठाऊक होतं. आणि ती गेली की तिच्या मागून किती ट्रंका निघतील, याचा तिला विचारही करवेना.

फाटकाशी तिला शिवू भेटला. सोबतचा उपप्रमुख, विद्यार्थ्यांचा लाडका नेता. शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या, गळ्यात पिवळी शिट्टी.

"आत्ता कळलं मॅडम. मधल्या सुट्टीत घरनं फोन आला, पाणी आलंय म्हणून. भवानी पेठेत पळालो. घागरी भरून येतोय तर हे असलं."

झीनतनं मान हलवली. सोलापुरात पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी भर तासात फोन थरथरतो आणि मास्तर नुसता हात करून 'जा' म्हणतात. पाणी आलंय म्हटल्यावर पुढं काही विचारायचं नसतं.

"दानी माझ्या बहिणीसारखी हाय," शिवू म्हणाला. "पण तिचा राग लई वाईट. खरं ते सांगायला पायजे की."

"पाय घसरला असेल रे."

"मग पोरं म्हणतेत त्ये वळ कसे उठले? आणि घसरायला तितं होतं काय मॅडम? कोरडा ठणठणीत जिना."

झीनतच्या पर्समध्ये फोन वाजत होता. घरी बाळ रडत होतं. तिनं घाईनं "बरं" म्हटलं आणि स्कूटी सुरू केली. ओढणीवर उमटलेल्या धुळीच्या डागाकडं तिचं लक्षही नव्हतं.

३

घराकडं वळायच्याऐवजी स्कूटी सात रस्त्याला वळली. अक्कलकोटकडचा गुरुशांत दुपारपासून कुठं दिसला नव्हता, हे तिला आत्ताच आठवलं होतं. सकाळी ज्याच्या उठाबशा निघाल्या, त्याचा राग कुणी विचारात घेतलाच नव्हता.

तो अक्कलकोटची गाडी थांबते तिथं सापडला. पायाशी पिशवी, पिशवीतून डोकावणारी उशी.

"उशीसकट निघालास? म्हणजे सुट्टीला नाही," झीनत त्याच्या शेजारी टेकली.

"न्हाय जमत मॅडम हितं. कानडी बोललं की हसतेत, गप बसलं की मारतेत. शेतात जातो बापाबरोबर."

"प्रभु जिन्यावरून पडलाय. डोकं फुटलंय."

पोरगं दचकलं. ते दचकणं खोटं वाटलं नाही. पण खुनशी माणूस पण दचकतोच की, असं तिनं स्वतःला बजावलं.

"शेवटचा कधी बघितलास त्याला?"

"मधल्या सुट्टीत. मी पिशवी घेऊन निघालो तर आडवा आला. मला वाटलं, परत उठाबशा. तर म्हणतोय कसा, आरं थांब, जाऊ नको. मी मॅडमकडं जातो. कोण मला पुढं करून तुमाला मारायला लावतंय त्ये पण सांगतो."

झीनत त्याच्याकडं वळली. "कोण? नाव घेतलं?"

"न्हाय. माझा विश्वासच बसला न्हाय. पळून आलो."

"आणि इथंच बसलास? इतक्या गाड्या गेल्या की."

"चढवना झालंय मॅडम," तो हळूच म्हणाला. "आईनं कानातलं मोडून फी भरलीया. तिला काय सांगू?"

अक्कलकोटची गाडी आली, कंडक्टरनं हाक दिली. झीनतनं त्याची उशी उचलली आणि स्कूटीच्या पुढ्यात ठेवली. गाडी निघून गेली. पोरगं धूळ झटकून उठलं आणि गुपचूप मागं बसलं.

प्रभु तिच्याकडं येत होता. हेच राहून राहून तिच्या डोक्यात घुमत होतं. तो येत होता आणि कुणीतरी त्याला दंडाला धरून अडवलं. पण कुणी?

४

भवानी पेठेतल्या घरी बिलालनं आकांत मांडला होता. सासूबाई गुलबानो त्याला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होत्या.

"आ गई? पहले बच्चे को ले, बाद में दुनिया सँभाल," त्या म्हणाल्या. "मुँह देख कैसा उतर गया."

झीनतनं लेकाला छातीशी धरलं आणि दिवस जरा विसरला. गुलबानो रोज मधल्या सुट्टीत त्याला कॉलेजात घेऊन यायच्या. झीनत स्टाफरूमच्या कोपऱ्यात त्याला पाजायची, मग दानेश्वरी त्याला घेऊन खिडकीशी उभी राहायची, म्हणजे मॅडमना चार घास खाता यावेत. आजही तसंच झालं होतं. दानीनं बिलालला कानडीत काऊचं गाणं म्हणून झोपवला, आजीच्या हाती दिला आणि मॅडमच्या वह्या उचलून सरळ त्यांच्याबरोबरच वर्गात आली. पहिल्या बाकावर बसली. घंटा होईपर्यंत हलली नाही.

पण प्रभु तर घंटेनंतरच... की?

पोट भरलं तसा बिलाल खुशीत आला. झीनतनं त्याला फरशीवर बसवला. त्यानं पहिलं काम काय केलं, तर शेजारचा तांब्या उपडा केला. पाणी खळखळत चहूकडं पसरलं. बाळ मध्ये बसून टाळ्या वाजवत होतं.

"या अल्ला, पानी के दिन भी पानी का नास," गुलबानोंनी नातवाला झटक्यात उचललं.

झीनत बघतच राहिली. सगळी फरशी ओली झाली होती. फक्त बाळाच्या बुडाखालची तेवढी एक वाटोळी जागा कोरडी. तिथं सांडलेली त्याची पावडरसुद्धा जशीच्या तशी.

तिनं ओढणी ओढून डोळ्यासमोर धरली. प्रभुच्या सॅकखालून हाताला लागलेला डाग. चिखल नव्हता तो. भुरभुरीत कोरडी धूळ होती.

"अम्मी," तिनं ओढणी न सोडताच विचारलं, "आज पाणी कधी आलं?"

"मैं बच्चे को लेके घर लौटी, तब तक तो नळ सूखा ही था. तेरी क्लास चालू हो गई होगी. उसके बाद आया."

"नक्की?"

"आँ, पानी का टैम मैं भूलूँ?"

झीनत उठली, तशीच खाली बसली, मग लेकाचे इतके मुके घेतले की तो गोंधळून रडायला लागला. पण एक गाठ अजून सुटायची होती. ती धनाजीच्या हातात होती.

५

सकाळी फाटकापाशी मंद्रूपची जीप उभी होती. सिद्रामप्पा, दानेश्वरीचे वडील, ट्रंक मागं चढवत होते. कपाळाला विभूतीचे पट्टे. झीनतनं हात जोडले.

"अप्पा, घंटाभर थांबा. नुसता घंटाभर."

"थांबतो की मॅडम. पण पोरगी न्हेणार."

आत शिस्त समिती बसली होती. प्राचार्य, दोन प्राध्यापक, सोबतच्या वतीनं शिवू, कोपऱ्यात दानेश्वरी, आणि दारात गुरुशांत. झीनतनं धनाजीला आत बोलावलं.

"धनाजीभाऊ, जिना तुम्ही धुतला नव्हता."

"धुतला की मॅडम."

"धुतलेल्या फरशीवर धूळ नसते. प्रभुच्या सॅकखाली होती. तुमची नोकरी जाणार नाही, हे सरांच्या समोर सांगते. पण एका पोरीचं आयुष्य तुमच्या जिभेवर आहे."

धनाजीनं टोपी काढली. "तास चालू झाला तसं लाईनीला पाणी आलं. मी टाकीची मोटर लावली. तेवढ्यात बायकोचा फोन, पाणी आलंय म्हणून. पळालो घरला. मोटर तशीच राहिली. टाकी भरून वाहिली ती सगळी मागच्या जिन्यावर."

"तीच धार माझ्या खिडकीबाहेर पडत होती," झीनत म्हणाली. आता तिला कुणी थांबवू शकलं नसतं. "सर, आपण सगळे काय धरून चाललो? शिट्टी वाजली तेव्हा प्रभु पडला. पण शिट्टी वाजली ती तो सापडला तेव्हा. पाणी आलं तेव्हा तो आधीच तिथं पडलेला होता, म्हणून त्याच्या खाली धूळ कोरडी राहिली. तो मधल्या सुट्टीच्या शेवटी पडला. आणि त्या वेळी दानेश्वरी माझ्या बाळाला झोपवत होती. तिथून माझ्याबरोबर वर्गात आली. तिची साक्षीदार मी आहे."

दानेश्वरीनं मान वर केली. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला.

"मग गुरुशांत?" एका प्राध्यापकांनी विचारलं.

"त्याला राग होता, मान्य. पण प्रभु काल बदलला होता. तो माझ्याकडं यायला निघाला होता, त्याला पुढं करणाऱ्याचं नाव सांगायला. त्याला अडवण्याची गरज गुरुशांतला नव्हती. ज्याचं नाव निघणार होतं त्याला होती." ती वळली. "शिवू, काल फाटकाशी तू मला म्हणालास, कोरडा ठणठणीत जिना. आठवतं?"

शिवूचा हात नकळत शिट्टीकडं गेला.

"प्रभु सापडला तेव्हा धावत आलेल्या प्रत्येकानं जिना ओला बघितला. कुणालाही विचार. कोरडा कुणी बघितला असेल, तर पाणी येण्याआधी तिथं होता त्यानं."

"मी घरी होतो मॅडम. पाणी आलं होतं."

"मधल्या सुट्टीत भवानी पेठेत पाणी आलंच नव्हतं. माझं घर तुझ्या मागच्या गल्लीत आहे. या गावात पाणी आलंय म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. मी पण नाही विचारलं."

शिवूनं दारातल्या गुरुशांतकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"ढकलायचं न्हवतं मला," तो म्हणाला. "नव्या पोरांना जरा धाक पायजे, न्हायतर निवडणुकीत ऐकत न्हाईत. प्रभुला तेवढंच सांगायचो. काल म्हणाला, सोबतचा उपप्रमुखच मारायला लावतो असं मॅडमना सांगतो. मी दंड धरला, थांब म्हणालो. त्यानं हिसका दिला, मी पण दिला. गडगडत गेला. मला वाटलं, संपला. पळालो."

मग कोपऱ्यातून दानेश्वरी म्हणाली, रागानं नव्हे, नवल वाटल्यासारखी, "शिवूदादा, गळ्यात शिट्टी होती की तुझ्या."

दंड धरल्याचं त्यानं सांगितलं होतं, ढकलल्याचंही. त्या एका वाक्यावर मात्र तो ढसाढसा रडला. शिट्टी काढून त्यानं टेबलावर ठेवली.

६

पुढचं पोलिसांचं आणि समितीचं काम होतं. झीनत बाहेर आली तेव्हा दानेश्वरी जीपपाशी वडिलांना सगळं सांगून थकली होती. ट्रंक अजून जीपमध्येच होती.

"पोरगी सुटली, आनंद हाय," सिद्रामप्पा म्हणाले. "पण एक इचारतो मॅडम. ही घरी सांगायची, आमच्या कॉलेजात कोण एकटं न्हाय. आणि त्ये पोरगं तासभर एकटंच पडलं होतं की. शिट्टीवालाच टाकून गेला."

हाच प्रश्न झीनतनं रात्रभर स्वतःला विचारला होता.

"व्हय अप्पा. तिथं आम्ही कमी पडलो. शिट्टी गळ्यात घातली, ती स्वतःविरुद्ध पण वाजवायची असते, हे शिकवायचं राहिलं. आता तिथूनच सुरुवात करायची. ही असेल तर मला जमेल."

म्हातारा लेकीकडं बघत राहिला. मग हात पुढं केला. "बघू दे गं ती."

दानेश्वरीनं शिट्टी काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट केली, धोतराला पुसली, आणि कुणाला काही कळायच्या आत गाल फुगवून फुंकली. कुठल्या लांब-आखूड खुणा नव्हत्या. आडदांड, शेतात पाखरं हाकलावीत तशी ती वाजली.

पहिला आला गुरुशांत, एका पायात चप्पल, दुसरी हातात. मग प्रयोगशाळेतून पोरी, ग्रंथालयातून पोरं, कँटीनमधून हातात बशी तशीच घेतलेला कुणीतरी, मागून टोपी सावरत धनाजी. जिने दणाणले, दारं आपटली. बघता बघता जीपच्या भोवती माणसांचं कडं उभं राहिलं. सगळ्यांना धाप लागलेली, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच, "काय झालं? कुणाला लागलं?"

सिद्रामप्पा मधोमध उभे, हातात शिट्टी, चेहरा ओशाळा.

"कुणाला न्हाय बाबांनो," ते म्हणाले. "बघत होतो, येताय का."

कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच. सिद्रामप्पांनी शिट्टी लेकीच्या गळ्यात घातली, जीपचं फळकूट खाली पाडलं आणि गुरुशांतला म्हणाले, "ए पोरा, चप्पल घाल आणि ट्रंकेला हात लाव. हॉस्टेल कुटं हाय हिचं?"